तेलपाणी : वऱ्हाडातील काथवट, विळी आणि जवस

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला वाशीम हे नाव बहुधा 'वत्सगुल्म' म्हणून प्रथम भेटते. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह ज्या नगरात लावून दिला, ते विदर्भातील वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये येथेच सापडला. याच जिल्ह्यातील कारंज्याच्या जैन भांडारांनी अपभ्रंश पोथ्या शतकानुशतके जपल्या आणि १९३०च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून त्यांपैकी काही विद्वानांच्या हाती आल्या. ताम्रपट जमिनीत पुरला तरी टिकतो, पोथी दोन लाकडी पाट्यांच्या मध्ये बांधली की टिकते. ज्या लाकडावर या प्रदेशाने पिढ्यान्‌पिढ्या भाकरीचे पीठ मळले, ते लाकूड मात्र टिकलेले नाही. काथवट तडकली की ती चुलीत जाते. तिचे दफ्तर तिच्याबरोबर जळते.

या जळालेल्या दफ्तराविषयी बोलण्याचे निमित्त आजचे आहे. भाजी चिरण्याचा लाकडी पाट, ज्याला आता सर्वजण 'चॉपिंग बोर्ड' म्हणतात, घरोघरी आला आहे. आणि त्याला कोणता लेप द्यावा, कोणता लेप पोटात गेला तरी अपाय करणार नाही, असा प्रश्न त्याच्याबरोबर आला आहे. हा प्रश्न बाजार विचारतो तेव्हा उत्तरही बाजाराच्या डब्यात असते. आम्हांस तो इतिहासाला विचारावासा वाटतो. अन्नाचा स्पर्श होणाऱ्या लाकडाला वऱ्हाडातील माणसे काय लावीत होती, काय लावीत नव्हती आणि का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम शब्दांकडे पाहावे लागते, कारण वस्तू जळाल्या तरी शब्द उरले आहेत.

लाकडावरच्या लेपासाठी मराठीत 'रोगण' हा शब्द आहे. तो फारसीतून आला. मूळ फारसीत त्याचा अर्थ तेल किंवा तूप. मराठीत येईपर्यंत तो चकाकणाऱ्या, वाळून कडक होणाऱ्या लेपाचा वाचक झाला. पुढे इंग्रजी अमदानीत 'वारनीस' आले, 'पॉलिश' आले. हे तिन्ही शब्द देवघराच्या चौकटीला, पालखीच्या दांड्याला, खुर्ची-मेजाला लागतात; पोळपाटाला रोगण दिले असे कोणी म्हणत नाही. स्वयंपाकातील लाकडासाठी, गाडीच्या चाकासाठी, मोटेच्या चाकासाठी जो शब्द आहे तो 'तेलपाणी'. या जोडशब्दाकडे जरा थांबून पाहावे. रोगण ही वस्तू आहे, ती एकदा देऊन संपते. तेलपाणी ही क्रिया आहे, ती करीत राहावी लागते. त्यात तेल आहे तसे पाणीही आहे. म्हणजे राखणे आहे तसे धुणेही आहे. अन्नाच्या लाकडाविषयीचा आपला सारा जुना विचार या एका शब्दात साठलेला आहे, असे आम्हांस वाटते, आणि पुढील विवेचन म्हणजे या शब्दाचेच स्पष्टीकरण होय.

आता वस्तूंकडे वळू. 'काथवट' हा शब्द काष्ठाशी नाते सांगतो. संत रविदासांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या प्रसिद्ध म्हणीतील 'कठौती' ही हिची उत्तरेकडील बहीण. एका अखंड लाकडातून कोरलेले हे पसरट पात्र पीठ मळण्यासाठी, भाकरी थापण्यासाठी वापरीत. तिच्या जोडीला पोळपाट, लाटणे, रवी, चाटू, उखळ आणि मुसळ. गावातील वाढई नांगर-वखर करी, त्याच हाताने हेही करी आणि त्याचे मोल बलुत्यात मिळे. मात्र या यादीत चिरण्याचा पाट नाही, ही गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. मराठी स्वयंपाकघरात विळी होती. विळीत पाते स्थिर असते आणि भाजी हलते. पात्याची धार लाकडाकडे नव्हे, चिरणाऱ्याकडे असते. विळीचा पाट बसण्यापुरता आणि पाते धरण्यापुरता. त्यावर सुरीचा घाव पडत नाही, म्हणून त्याच्या पृष्ठभागाचा प्रश्नही उद्भवत नाही. बैठा स्वयंपाक जाऊन उभा ओटा आला, विळीच्या जागी सुरी आली, आणि तेव्हा कोठे घाव झेलणारे लाकूड आपल्या घरात शिरले. लाकडी पाटाच्या लेपाची चिंता ही अशा रीतीने आसन बदलल्यामुळे निर्माण झालेली चिंता आहे.

घाव झेलणारे लाकूड गावात एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे खाटकाच्या दुकानात. त्याचा ओंडका पुष्कळदा चिंचेचा असे. चिंचेचे लाकूड घट्ट, चिवट आणि वेड्यावाकड्या तंतूंचे. घावाने त्याच्या ढलप्या सहजी निघत नाहीत. या ओंडक्याला कोणताही लेप नसतो. काम संपले की तो खरवडायचा, वाळू द्यायचा आणि मधूनमधून त्याचा वरचा थर तासून काढायचा. खाटकाच्या या रीतीचे शास्त्रवचन मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. तेथे लाकडी वस्तूंची शुद्धी तासण्याने होते असे सांगितले आहे, तर चरू, स्रुक्, स्रुवा या यज्ञपात्रांसाठी ऊन पाणी सांगितले आहे. ही पात्रेही लाकडाचीच: जुहू पळसाची, स्रुवा खैराची, उपभृत पिंपळाची. त्यांतून तूप ओतले जाई, त्यामुळे ती आपोआप स्निग्ध राहत, आणि त्यांना ऊन पाण्याने धुतले जाई. येथेही तेल आणि पाणी यांची जोडी आहेच.

अर्थात या शुद्धिविचारात केवळ आरोग्य पाहणे भाबडेपणाचे ठरेल. कोणाच्या स्पर्शाने पात्र अशुद्ध होते हे ठरविणारी व्यवस्थाच तासण्याचा उपाय सांगत होती, आणि तासण्याचे काम ज्याच्या हाती होते त्या कारागिराला त्या व्यवस्थेत वरचे स्थान नव्हते. तरीही तंत्र म्हणून त्या वचनातील निरीक्षण खरे आहे. लाकूड आत शोषून घेते. म्हणून त्याची शुद्धी वरून पुसून होत नाही, वरचा थर काढावा लागतो. ज्या लाकडावर कडक पापुद्र्याचा लेप आहे ते तासता येत नाही, तासले तर लेप जातो. लेप आणि तासणे या दोन परस्परविरोधी नीती आहेत आणि आपल्या परंपरेने दुसरी स्वीकारली होती.

मग तेल कशासाठी? येथे वऱ्हाडचे हवामान समजून घेतले पाहिजे. मे महिन्यात वाशीम परिसरातील हवा इतकी कोरडी होते की लाकडातील ओल ओढली जाते. जुलैत तीच हवा पाण्याने जड होते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आक्रसते आणि फुगते. अखंड ओंडक्यातून कोरलेली काथवट म्हणूनच कडेला, जेथे तंतूंची टोके उघडी पडतात, तेथे आधी तडकते. तेल ही ओलीची ये-जा थांबवीत नाही, पण मंद करते, आणि तेवढेच पुरते. उन्हाळा लागण्यापूर्वी लाकूड तेलवून ठेवायचे, धुतल्यावर कोवळ्या उन्हात आणि मग सावलीत उभे करून वाळवायचे, भर दुपारच्या उन्हात टाकायचे नाही, या सूचनांमागील कारण हेच.

परंतु कोणते तेल, हा खरा प्रश्न आहे. कारण सर्व तेले सारखी वागत नाहीत. काही तेले हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतात, त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि शेवटी लाकडाच्या रंध्रांत एक लवचीक, न विरघळणारा पदार्थ तयार होतो. अशा तेलांना वाळणारी तेले म्हणतात. तेलाची ही शक्ती आयोडीन-मूल्याने मोजतात. जवसाचे मूल्य साधारण १७० ते २००, करडईचे १४०च्या आसपास, तिळाचे ११०च्या आगेमागे, भुईमुगाचे ९०च्या सुमारास आणि खोबरेलाचे १०हूनही कमी. जवस पूर्ण वाळते. करडई सावकाश वाळते. तीळ आणि सरकी अर्धवट वाळून चिकट राहतात. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, ते लाकडात राहून खवट होते. म्हणजे खाण्यास उत्तम असलेले प्रत्येक तेल लाकडास उत्तम नसते, हा यातील पहिला धडा.

जवस आणि करडई ही दोन्ही वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील रब्बीची पिके. जवसाची चटणी भाकरीबरोबर, आणि त्याच जवसाचे तेल लाकडात मुरणारे. हे तेल काढणारा घाणाही लाकडाचाच. गावातील सर्वांत मोठे तेलपाणी झालेले लाकूड म्हणजे तेल्याचा घाणा. त्याला कोणी मुद्दाम तेल लावीत नसे, तो कामानेच तेलावत असे. तुकोबांची अभंगवाणी ज्यांच्या लेखणीने टिकली ते संताजी जगनाडे तेली होते हे आपण शिकवितो. पण तेल्याच्या व्यवसायातील ज्ञान हे ज्ञान होते, हे सहसा शिकवीत नाही. करडईच्या तेलातही असे ज्ञान दडलेले आहे. वायव्य सरहद्दीकडील कारागीर करडईच्या जातीतील बियांचे तेल तासन्‌तास कढवून त्याचा दाट गोळा करीत आणि त्याने कापडावर नक्षी काढीत. त्यालाही रोगणच म्हणत.

लेपाची दुसरी देशी शक्यता लाखेची होती. लाखेचा किडा पळसावर, बोरीवर वाढतो आणि पळस विदर्भात विपुल आहे. सावंतवाडीच्या कारागिरांनी लाखकामाची कला किती उंचीवर नेली हे सर्वश्रुत आहे. लाख खाद्यपदार्थांवर चकाकी आणण्यासाठी आजही वापरली जाते, म्हणजे ती विषारी नाही. तरीही लाखेने रंगविलेल्या लाटण्याचे दोन्ही दांडे तेवढे रंगीत असतात आणि पोळी लाटणारा मधला भाग उघडा असतो. याचे कारण सौंदर्यदृष्टी नव्हे, रसायन आहे. लाख उष्णतेने मऊ होते आणि क्षारात विरघळते; आणि आपल्या घरची भांडी चुलीच्या राखेने घासली जात. राख क्षारयुक्त असते. चुलीजवळ आणि राखेखाली लाख टिकणार नाही, हे कोणी प्रयोगशाळेत न जाता ठरविले होते. ज्यांनी ते ठरविले त्या बहुशः स्त्रिया होत्या आणि म्हणूनच त्यांचे नाव कोणत्याही ग्रंथावर नाही.

या ज्ञानाला धक्का कसा लागला, हे पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकात जावे लागते. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आले. 'बासीम' हा त्यातील एक जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये तो मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ यांत वाटले गेले. (आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८चा.) आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० साली प्रसिद्ध झाले. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हा प्रदेश म्हणजे मुख्यतः कापूस. परंतु कापसाच्या सावलीत जवसही समुद्रापार जाऊ लागले होते. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला आणि विदर्भातील गळिताचे धान्य मुंबई बंदराच्या टप्प्यात आले. इंग्लंडला हे जवस खाण्यासाठी नको होते. तेथे ते रंगासाठी, वारनिसासाठी आणि एका नव्या वस्तूसाठी हवे होते. फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ मध्ये लिनोलियमचे पेटंट घेतले: वाळवून घट्ट केलेले जवसाचे तेल, बुचाच्या झाडाची भुकटी आणि पाठीला तागाचे कापड. भाकरीच्या काथवटीत मुरणारे तेल विलायतेतील दिवाणखान्यांची जमीन झाले.

उद्योगाला मात्र घाई असते. कच्चे जवसतेल वाळावयास आठवडे घेते. ते लवकर वाळावे म्हणून त्यात शिशाचे क्षार, म्हणजे मुरदाडशिंग किंवा शेंदूर, घालून कढवीत. पुढे कोबाल्ट आणि मँगनीज यांची संयुगे आली. हेच 'बॉइल्ड' तेल, आणि आज रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळते तेही याच वंशातले. शिसे विषारी आहे. शेंदूर तेलात कालवून देवाला लेपण्याची आपली जुनी रीत आहे. तो लेप वाळून दगडासारखा होतो, थरावर थर चढतात आणि एखाद्या दिवशी मूर्तीचे कवच गळून पडते. शेंदुराने तेल कडक होते हे गावोगाव डोळ्यांसमोर होते. पण देवाला चालणारा हा लेप पोळपाटाला कोणी दिला नाही. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. घरातल्या भिंतीसाठी एवढी दक्षता घ्यावी लागते, तर ज्यावर कणीक मळायची त्या लाकडाविषयी किती घ्यावी, हे सांगावयास नको.

येथे भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष घालावे अशी गोष्ट घडली आहे. 'जवसाचे तेल' हे एकच नाव आता दोन वस्तूंना लागते. घाण्यावरून येणारे, चटणीच्या वासाचे, पोटात जाणारे एक तेल. आणि रंगाच्या दुकानातील डब्यातले, धातूंचे क्षार मिसळलेले दुसरे. डब्यावरील शब्द खोटा नाही, तरी तो फसवितो, कारण शब्दाभोवतीचा व्यवहार बदललेला आहे. पूर्वी तेल्याचे घर आणि काथवट यांच्यामध्ये दोन गल्ल्यांचे अंतर होते. आता मध्ये एक संपूर्ण उद्योग उभा आहे. अर्थांतराचे उदाहरण म्हणून वर्गात सांगण्यासारखे हे उदाहरण आहे, पण त्याचा परिणाम वहीत न राहता ताटात उतरतो.

दुसरा बदल शेतातला. आज वाशीम जिल्हा सोयाबीनसाठी ओळखला जातो. जवस आणि करडई यांचा पेरा पूर्वीच्या मानाने फार आकसला आहे. सोयाबीनचे तेल पूर्ण वाळणाऱ्या तेलांत मोडत नाही. घरातले तेच तेल हाताशी आहे म्हणून पाटाला चोळले, तर काही दिवसांत तो चिकट होतो आणि खवट वास धरतो. 'आमच्या आजीची काथवट तेलाने चांगली राहायची, आता का राहत नाही?' या प्रश्नाचे उत्तर आजीच्या हातगुणात नाही, पीकपद्धतीत आहे.

मध्यंतरी प्लॅस्टिकच्या पाटाचा काळ आला. तो गुळगुळीत, न शोषणारा, म्हणून अधिक स्वच्छ असा समज सर्वत्र होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लायव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी या समजाला छेद दिला. स्वच्छ लाकडावर टाकलेला जंतुयुक्त द्रव साधारण ३ ते १० मिनिटांत शोषला गेला, आणि जंतूंची संख्या फार मोठी नसेल तर ते पुन्हा पृष्ठावर सहसा आढळले नाहीत. उलट सुरीच्या चरांनी भरलेला जुना प्लॅस्टिकचा पाट हाताने घासून निर्जंतुक होणे अवघड ठरले. लाकडाला खनिज तेल लावल्याने या निष्कर्षांत फारसा फरक पडला नाही. याचा अर्थ लाकूड धुवावे लागत नाही असा नाही. कच्च्या मांसाचा आणि फळभाजीचा पाट वेगळा हवाच. पण शोषणे हा लाकडाचा दोष मानून त्याला काचेसारखे बंद करून टाकणे आवश्यक नाही, एवढे त्यातून निश्चित होते. पापुद्र्याचे वारनीस पूर्ण सुकल्यावर खाल्ले गेले तरी अपाय नाही असे समजून चालू. तरी सुरी तो पापुद्रा चिरतेच, फटीतून पाणी खाली जाते आणि लेपाखाली लाकूड कुजते. ज्यावर सुरी चालणार नाही त्या वस्तूस तो ठीक. चिरण्याच्या पाटास नव्हे.

मग निवड कशी करावी? आमच्या मते इतिहासातून दोन मार्ग दिसतात. पहिला, जो या मातीचा आहे: घाण्याचे शुद्ध, काहीही न मिसळलेले जवसतेल. कोरड्या लाकडावर अगदी पातळ चोळावे, अर्ध्या तासाने जे वर राहील ते कोरड्या कापडाने पुसून काढावे, चार-आठ दिवस हवेशीर, उजेडाच्या जागी ठेवून पुन्हा चोळावे. असे तीन-चार हात झाल्यावर काही आठवडे वाळू देऊन मग वापरास घ्यावे. एक सावधगिरी अनिवार्य आहे. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. दुसरा मार्ग औषधाच्या दुकानातला: लिक्विड पॅराफिन. ते वाळत नाही, पण खवटही होत नाही. मात्र ते धुण्याने निघून जाते, म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. त्याच्या चार भागांत मधमाशीच्या मेणाचा एक भाग मंद आचेवर विरघळवून घेतला तर अधिक टिकते. दोन्ही मार्गांत पाट वापरानंतर लगेच धुऊन उभा वाळवावा, पाण्यात भिजत ठेवू नये, आणि चर खोल झाले की सुताराकडून तासून घ्यावा. मनुस्मृतीतील तो उपाय आता कोणाच्याही स्पर्शाचा विचार न करता वापरता येतो, ही काळाने केलेली दुरुस्ती समजावी.

या दोन्ही मार्गांत एकदा करून मोकळे होण्याची सोय नाही. 'आयुष्यभरासाठी' असे वचन देणारा लेप आणि वर्षातून काही वेळा हात मागणारे तेलपाणी यांत निवड करावयाची, तर आम्ही दुसऱ्याच्या बाजूने आहोत. भूतकाळाच्या प्रेमापोटी नव्हे, तर ज्या लाकडाकडे आपण वारंवार पाहतो त्याची तड, त्याचा चर, त्याचा वास आपल्याला वेळेवर कळतो म्हणून. वऱ्हाडच्या स्वयंपाकघराने हे ज्ञान लिहून ठेवले नाही, एका शब्दात ठेवले. काथवटीच्या जागी पितळी परात आली, मग जर्मनची, मग स्टीलची. काथवट गेली तसा तिचा शब्दही बोलीतून विरळ होत चालला आहे. बोलींचे कोश करताना आपण शब्द आणि अर्थ टिपतो. ज्यांच्या घरी अजून एखादी काथवट आहे, त्या घरातील वृद्ध स्त्रीला तिचे नाव विचारून थांबू नये; तिला काय लावीत, कोणत्या महिन्यात, आणि ते तेल कोणाकडून आणीत, हेही विचारून लिहून घ्यावे. कोशातील एका नोंदीपेक्षा ते अधिक असेल, आणि आज ते विचारता येण्यासारखे आहे.